कुंकवाखालचा नंबर

ज्या वर्षी केरूतात्यांच्या थोरल्या नातीचं, सानवीचं, लग्न ठरलं, मोडलं आणि अडीच महिन्यांनी पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे दोन हजार तेवीस साल. घरातली माणसं हॉल धरण्यात, सोडण्यात आणि पुन्हा धरण्यात गुंतली होती. त्यामुळे तात्या रोज सकाळी वाचनालयात जातात आणि दुपारी तोंड पाडून परत येतात, याची कोणी चौकशी केली नाही. चौकशी झाली असती तर तात्यांना खरं सांगावं लागलं असतं, आणि त्या वर्षी त्यांची तेवढी तयारी नव्हती.

रत्नागिरीतल्या मांडवीचं हे वाचनालय म्हणजे दोन खोल्या, सात कपाटं आणि एक संगणक. तात्या त्याचे अध्यक्ष. ज्या सभेत अध्यक्ष निवडायचा होता तिला चारच माणसं आली. त्यांतल्या तिघांनी एकमेकांची नावं सुचवली आणि एकमेकांना नकार दिला. चौथे तात्या. ते चहा पीत होते, त्यामुळे त्यांना वेळेवर नाही म्हणता आलं नाही. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळत त्यांचा जन्म गेला होता, आणि वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षापर्यंत ते पगाराच्या कागदावर अंगठा उठवत होते. मग गावोगाव साक्षरतेची मोहीम निघाली. शाळेतून निवृत्त झालेल्या आनंदीबाईंनी आपल्या पडवीत प्रौढांचा वर्ग काढला, आणि दोन पावसाळ्यांत तात्यांना वाचायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, त्यांचा हात धरून गिरवून घेतलं. बर्फाने बधिर झालेली ती बोटं होती, त्यांना पेन्सिल लागते आहे हेही कळत नसे.

पुढे वय झालं तशा आनंदीबाई दापोलीला मुलाकडे राहायला गेल्या. तात्या त्यांना दर दोन महिन्यांनी पत्र लिहीत. फोन घरोघरी आले होते, पण बाईंना फोन करणं म्हणजे त्यांनी दिलेली विद्या पेटीत ठेवून कुलूप लावणं, असं तात्यांचं मत होतं. पत्रात ते वाचनालयाची हालहवाल लिहीत. हालहवाल फारशी नसे. मग थोडी वाढवून लिहीत. ही सवय वाईट, हे त्यांना माहीत होतं.

त्या जुलै महिन्यात संगणक बंद पडला. हा संगणक तात्यांचे जुने स्नेही रमजानभाई यांनी वीस वर्षांमागे वाचनालयाला दिलेला. रमजानभाईंची उमर जहाजावर गेली, आता ते रोज सकाळी वाचनालयात येऊन पेपर वाचतात आणि पेपरातल्या प्रत्येक बातमीत चूक काढतात. संगणकाच्या डब्यावर त्यांचं नाव पांढऱ्या रंगाने लिहिलेलं आहे, होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, लिहितात तसं.

एसटी स्टँडमागे विनोदचं दुरुस्तीचं दुकान आहे. विनोद पन्नाशीचा, बोलणं कमी, आणि जे बोलतो ते गिऱ्हाईकाचं मन मोडणारं. त्याने येऊन पाहिलं आणि सांगितलं की संगणक चालवणारी जुनी प्रणाली गेली, आता यात फुकटची घालू. ही फुकटची प्रणाली म्हणे जगभरची माणसं आपापल्या घरी बसून, कोणाकडून काही न घेता बनवतात आणि वाटतात. तात्यांना हे फार आवडलं. त्यांना आनंदीबाईंची पडवी आठवली. विनोद दोन तास डब्यात डोकं घालून बसला होता, तात्यांनी वरून बॅटरीचा उजेड धरला होता. शेवटी पडदा उजळला, त्यावर निळं आकाश आलं, आणि तात्या त्याच पावली घरी जाऊन पत्र लिहायला बसले.

पत्रात त्यांनी लिहिलं की वाचनालयाचा संगणक बंद पडला होता, तो मी स्वतः खटपट करून चालू केला. आता इंटरनेटही व्यवस्थित चालतं.

संगणक चालू झाला होता, एवढं खरं होतं. तो तात्यांनी केला नव्हता. आणि इंटरनेट तर मुळीच चालत नव्हतं. ते उद्या होईल असं विनोद म्हणाला होता, म्हणून तात्यांनी एक दिवस आधी लिहिलं. बर्फाच्या कारखान्यातही संध्याकाळी जमणारा बर्फ सकाळीच विकलेला असे. त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. आनंदीबाईंचा हात आता थरथरतो, त्यामुळे अक्षर त्यांच्या सुनेचं, नम्रताचं होतं. बोलणं मात्र बाईंचंच होतं. त्यांनी लिहिलं होतं की केरू, तू संगणक दुरुस्त केलास हे वाचून मी नम्रताला ते पत्र तीनदा वाचायला लावलं. मी आता घराबाहेर पडत नाही. तुमचं इंटरनेट चालतं आहे तर मला वाचनालय दाखव, नम्रताच्या फोनवर चित्र दिसतं. आणि तू स्वतः लिहिलेलं एक पान मला वाचून दाखव. मला ब्याण्णव चालू आहे, फार उशीर करू नको.

तात्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. त्यांची बायको विमला तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, काय लिहिलंय. तात्या म्हणाले, बाईंची तब्येत बरी आहे.

*

इंटरनेट का चालत नव्हतं, हे समजून घ्यायला तात्यांना आठवडा लागला. संगणकाच्या पोटात एक हिरवी पट्टी असते, तिला नेटवर्क कार्ड म्हणतात. मागून तिच्यात तार खोचली की इंटरनेट आत येतं. पण त्या पट्टीशी बोलायचं कसं, हे संगणकाला सांगणारा एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. वाचनालयातली पट्टी एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आलेली, तेव्हाही जुनीच होती. नव्या प्रणालीत तिचा ड्रायव्हरच नव्हता. पट्टी जागेवर होती, तार जागेवर होती, पण संगणक तिच्याकडे ओळखदेख नसल्यासारखा पाहत होता.

विनोद म्हणाला, नवीन कार्ड घ्या आणि मोकळे व्हा.

हे सगळ्यांत सोपं होतं, आणि म्हणूनच ते झालं नाही. वाचनालयाचे चिटणीस अनिल हे सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण कारकुनी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी कपाटातून जडवस्तूंची नोंदवही काढली. तीत संगणकाची नोंद होती, 'नेटवर्क कार्डासह'. अनुदान घेणाऱ्या वाचनालयाने नोंदवहीतली वस्तू काढायची म्हणजे निर्लेखन करावं लागतं. निर्लेखनाला वरच्या कचेरीची परवानगी लागते. परवानगीला तज्ज्ञाचा दाखला लागतो की वस्तू दुरुस्त होण्यासारखी नाही. आणि हा सगळा अर्ज आता कागदावर घेत नाहीत, वाचनालयाच्या संगणकावरून इंटरनेटवर भरावा लागतो.

“म्हणजे कार्ड टाकायची परवानगी मागायला ते कार्ड चालायला पायजे,” रमजानभाई पेपरातून डोकं वर काढून म्हणाले.

“नियम असा आहे,” अनिल म्हणाले.

“अनिलराव, मी दिलाय ना तो डबा? मी सांगतो, समुद्रात टाका.”

दात्याची ना हरकत वेगळी जोडावी लागेल, असं अनिलनी शांतपणे सांगितलं आणि तशी नोंद करून घेतली.

नोंदवहीत नसलेलं दुसरं कार्ड शेजारी बसवता आलं असतं, हे तात्यांना कळत होतं. मोबाईलवरून आनंदीबाईंना चित्र दाखवता आलं असतं, हेही कळत होतं. विमलाने तर विचारलंच, की दापोलीची एसटी रोज सुटते, तिच्यात बसून बाईंना भेटून का येत नाही. तात्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे खरंच दुखत होते, पण मांडवीच्या वाळूत रोज संध्याकाळी फिरताना ते त्यांना कधी आठवले नव्हते. खरी गोष्ट अशी होती की तात्यांनी खोटं लिहिलं होतं, आणि आता त्यांना ते खोटं मागून खरं करायचं होतं. तोच संगणक, तेच कार्ड, आणि खटपट त्यांची. यातलं काही बदललं तर पत्र खोटं ठरणार होतं. चुकलेलं गणित पाटी बदलून सुटत नाही, हे बाईंनीच शिकवलं होतं. फक्त ते या कामासाठी शिकवलं नव्हतं.

वाचनालयाच्या ग्रंथपाल निशिगंधा. पुस्तकांच्या नोंदी, वर्गणीदारांची भांडणं आणि कपाटांतली वाळवी हे सगळं त्या एकट्या बघतात. त्या म्हणाल्या, तात्या, ही प्रणाली बनवणारी माणसं इंटरनेटवर एका चावडीसारख्या जागी जमतात, मी माझ्या फोनवरून तिथे विचारते. त्यांनी विचारलं. दोन दिवस कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी एकाने लिहिलं की प्रश्न विचारण्याआधी माहिती वाचून यावं. दुसऱ्याने लिहिलं की हा प्रश्न चुकीच्या सदरात विचारला आहे. तात्यांना वाटलं, ही माणसं फुकट काम करत असली तरी यांच्यात एक तरी अनिल आहेच.

मग एकाने नीट उत्तर दिलं. तात्यांच्या कार्डाचा ड्रायव्हर पूर्वी प्रणालीत होता, पण दोन वर्षांमागे काढून टाकला. ते कार्ड आता जगात कोणी वापरत असल्याचं आढळलं नाही, म्हणून.

निशिगंधाबाईंनी हे मराठीत सांगितलं. आपण जगात आढळलो नाही, हे तात्यांच्या मनाला लागलं. त्यांनी कागद घेतला आणि उत्तर लिहिलं, 'आम्ही वापरतो. रत्नागिरी, मांडवी. वाचनालय सकाळी आठ ते बारा उघडं असतं. येऊन खात्री करावी.' निशिगंधाबाईंनी त्याचं इंग्रजी करून पाठवलं. शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं, हे तात्यांना नंतर कळलं.

पण त्या उत्तराचा उपयोग झाला. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात राहणारा एक गृहस्थ पुढे आला. त्याचं खरं नाव कळलं नाही, फोटोच्या जागी त्याने मांजर लावलं होतं. त्याने लिहिलं की ते जुने ड्रायव्हर मी स्वतः सांभाळत होतो, काढून टाकले तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मी तुम्हाला ते नव्या प्रणालीसाठी जुळवून देतो. मात्र संगणक दाखवतो त्या एकाच खुणेखाली तीन वेगवेगळ्या बनावटीची कार्डं निघाली होती. तेव्हा कार्डावरच्या मोठ्या काळ्या चौकोनावर जो नंबर छापलेला आहे तो वाचून कळवा.

इतकं सोपं काम. तात्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी विनोदला बोलावलं, डबा उघडला, पट्टी बाहेर काढली. विनोदने ती उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिला.

“तात्या, हे काय हाय?”

पट्टीवरच्या काळ्या चौकोनावर काळं काही दिसत नव्हतं. तिथे तांबडा, तेलकट, बोटभर जाडीचा लेप होता.

*

याचं उत्तर तात्यांना पट्टी बघण्याआधीच माहीत होतं, फक्त ते त्यांनी इतकी वर्षं असं बघितलं नव्हतं. खंडेनवमीला वाचनालयात संगणकाची पूजा होते. पहिल्या वर्षी निशिगंधाबाईंच्या आधीच्या ग्रंथपालांनी डब्याच्या पत्र्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. तात्यांना ते पटलं नाही. बर्फाच्या कारखान्यात पत्र्याची पूजा करत नसत, यंत्राचं काळीज उघडून तिथे बोट टेकवत. त्यांनी आग्रहाने डबा उघडायला लावला, तेलात कालवलेलं कुंकू घेतलं आणि हात पोचेल तिथल्या सगळ्यांत मोठ्या काळ्या चौकोनाला टिळा लावला. पुढे दर वर्षी त्याच जागी. कधी वरून अक्षता, एकदा गूळ. एकोणीस टिळे एकावर एक बसून त्याचा दगड झाला होता.

ही बातमी मांडवीत पसरायला अर्धा दिवस लागला. संध्याकाळपर्यंत वाचनालयात जेवढी माणसं आली तेवढी वार्षिक सभेलाही आली नव्हती. सगळ्यांनी सल्ले दिले. कोणी म्हणालं रॉकेल लावा, कोणी म्हणालं खोबरेल चोळा, एका मच्छीवालीने सांगितलं की जाळ्याचं डांबर ज्याने निघतं त्याने निघेल, पण मग चौकोनही निघेल. दोघा जणांचं म्हणणं पडलं की देवाला लावलेलं कुंकू असं खरवडू नये, आधी नारळ द्यावा. अनिलनी विचारलं की टिळ्याची नोंदवहीत नोंद आहे का. विनोद एवढंच म्हणाला की कोणी हात लावू नका, मी उद्या दुकानातून औषध आणतो.

तात्यांनी थांबायला हवं होतं. एवढा एक दिवस. पण भर सभेत बोटभर कुंकवाच्या शेजारी उभं राहण्याची लाज त्यांना सोसवली नाही. त्यांनी पट्टी पिशवीत घातली आणि घरी नेली.

विमला देवाची भांडी घासत होती. तांब्यापितळेच्या भांड्यांना ती जुनी कोकमं चोळते, तिची आई चोळायची, तिची आजी चोळायची. दिव्याच्या बुडाशी बसलेलं तेल आणि कुंकू तिने दोन हात फिरवले की निघत होतं, आणि पितळ पिवळंधमक होत होतं. तात्या ते बघत उभे राहिले. मग त्यांनी दोन कोकमं उचलली.

कुंकू निघालं. हळूहळू थर सुटत गेले, तांबडा रस खाली ओघळला, आणि काळा चौकोन दिसायला लागला. तात्यांना आनंद झाला. त्यांनी आणखी जोर लावला. चौकोन आरशासारखा झाला. त्यांनी चष्मा पुसून बघितलं, उजेडाकडे धरून बघितलं, तिरका करून बघितलं. चौकोनावर काहीही नव्हतं. वीस वर्षं कुंकवाने जपून ठेवलेला नंबर कोकमाने दहा मिनिटांत नेला होता.

“निघालं ना?” विमलाने विचारलं.

“निघालं,” तात्या म्हणाले.

विनोदला ते लगेच कळलं. तो रागावला नाही, हे जास्त वाईट. त्याने पट्टी नाकाशी नेली, वास घेतला, आणि विचारलं, “यात साखर घातलीत की नुसतंच आगळ?” पट्टीचे सोनेरी दात आंबटाने हिरवे पडले होते. ते त्याने खोडरबराने पुसत पुसत उजळले.

मांजरवाल्या गृहस्थाला काय कळवायचं, हा प्रश्न होता. तात्या म्हणाले, छपाई जुनी होती, पुसट झाली, असं लिहा. निशिगंधाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं, कुंकू, कोकम आणि सगळं. तात्यांनी मान खाली घातली. त्या गृहस्थाचं उत्तर आलं की माझ्या आयुष्यात कार्ड निकामी होण्याची चारशे कारणं मी पाहिली, हे चारशे एकावं. त्याने तिन्ही बनावटींचे ड्रायव्हर जुळवून पाठवले. एकेक करून बघा म्हणाला. त्याने एवढ्या कामाचं काही घेतलं नाही, आमसूल कसं असतं एवढं मात्र विचारलं.

या सगळ्यात गणपती येऊन गेले, नवरात्र येऊन गेलं. त्या वर्षी खंडेनवमीला तात्यांनी संगणकाला हाताने काही लावलं नाही. लांबून फूल टाकलं, ते खाली पडलं. पहिल्या ड्रायव्हरने पडदा काळा पडला आणि विनोदला प्रणाली पुन्हा घालावी लागली. दुसऱ्याने काहीच झालं नाही. दरम्यान आनंदीबाईंचं एक पोस्टकार्ड आलं, दोनच ओळींचं. 'केरू, वाट बघते आहे. तू कामात असशील.'

कामात असशील. तात्या ते कार्ड खिशात घालून तीन दिवस हिंडले.

तिसरा ड्रायव्हर दिवाळी उलटल्यावर बसला. विनोदने डबा उघडून आत काहीबाही उलटसुलट केलं, कपाळावरचा घाम पुसला, संगणक सुरू केला, आणि पट्टीवरचा बारीक हिरवा दिवा लुकलुकायला लागला. रमजानभाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, केरू, तुझी बोट लागली रे धक्क्याला. विनोदला त्याच संध्याकाळी मेहुणीच्या लग्नाला गुहागरला जायचं होतं, तो हत्यारं गोळा करून गेला. तात्यांना वाटलं रडू येईल. आपलं पत्र आता खरं झालं, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण तसं वाटेना. एवढा उद्योग करून एक खोटं वाक्य खरं करायला जमलं होतं, दुसरं तसंच होतं. तो संगणक त्यांनी चालू केलेला नव्हता. आधीही नव्हता आणि आताही नव्हता.

म्हणून त्यांनी ठरवलं की बाईंनी मागितलेलं जे पान आहे, त्यात खरं लिहायचं.

हे पान लिहायला त्यांना पाच दिवस लागले. सात वेळा लिहिलं, सहा वेळा फाडलं. शेवटी राहिलं ते असं, 'आनंदीबाईंस केरूचा नमस्कार. जुलैच्या पत्रात मी खोटं लिहिलं. संगणक विनोदने चालू केला, मी बॅटरी धरली होती. इंटरनेट तेव्हा चालत नव्हतं. आपल्याला बरं वाटावं म्हणून लिहिलं असं मी म्हणणार होतो, पण तेही खरं नाही. मला बरं वाटावं म्हणून लिहिलं. तुम्ही शिकवलेली अक्षरं मी यासाठी वापरली, याची मला लाज वाटते.'

नोव्हेंबरच्या तेवीस तारखेला, गुरुवारी सकाळी दहा वाजता, ठरल्याप्रमाणे दापोलीला फोन जोडला गेला. निशिगंधाबाईंनी घरून आणलेला कॅमेरा जोडून सगळं लावून दिलं. पडद्यावर आधी ठिपके आले, मग एक भिंत, मग उशीला टेकून बसलेल्या आनंदीबाई. इतक्या लहान झाल्या असतील असं तात्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी निशिगंधाबाईंना विनंती केली की तुम्ही जरा बाहेर थांबा आणि कोणाला आत सोडू नका. जे वाचायचं होतं ते रमजानभाईंसमोरही वाचता आलं नसतं.

तात्यांनी कॅमेरा हळूच फिरवून कपाटं दाखवली, खिडकी दाखवली. मग बसले आणि पान समोर धरून वाचलं. एकही शब्द गाळला नाही. आनंदीबाई एकटक बघत होत्या. त्यांचे ओठ हलले, पण ऐकू काही आलं नाही. तात्यांना वाटलं, अशक्तपणा आहे, आवाज निघत नसेल. मग बाई हसल्या आणि त्यांनी हात वर केला, वर्ग सुटताना करायच्या तसा. चित्र थरथरलं आणि गेलं.

तात्या बाहेर आले ते हलके होऊन. त्या रात्री ते दोन भाकऱ्या जास्त जेवले. विमला म्हणाली, गुडघा बरा दिसतो.

*

चार दिवसांनी नम्रताचा फोन आला. बाईंना दवाखान्यात दाखवलं, छातीत कफ आहे, बाकी ठीक आहे, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, तात्या, त्या दिवशी तुमचा आवाज काही आमच्याकडे आला नाही, चित्र मात्र छान आलं.

तात्यांनी विचारलं, कुठपासून आला नाही.

“पहिल्यापासून. मी आईंना म्हटलं, मी साधा फोन लावून देते, ऐकू तरी येईल. तर नको म्हणाल्या. तो वाचतोय, मध्ये थांबवू नको म्हणाल्या. आणि सगळं झाल्यावर मला म्हणाल्या, बघ, केरू आता ओळीखाली बोट धरत नाही.”

तात्यांनी फोन ठेवला आणि दुकानात जाऊन विनोदला गाठलं. तो गुहागरहून परत आला होता. विनोद म्हणाला, तुमचं ते कार्ड आणि आवाजाचं कार्ड एकाच वाटेवरून जायला बघत होती, दोन्ही चालेनात, म्हणून आवाजाचं काढून ठेवलं. तुम्ही इंटरनेट मागितलं होतं तात्या, आवाज मागितला नव्हता. यात त्याचं काही चुकलं असं तात्यांना म्हणता येईना.

म्हणजे कबुली झालीच नव्हती. ज्या माफीवर तात्या चार दिवस पोटभर जेवले, ती कोणी दिलेलीच नव्हती. बाई हसल्या त्या भलत्याच गोष्टीला. आणि ती गोष्टही खरी नव्हती. तात्या अजून ओळीखाली बोट धरतात. त्या दिवशी धरलं नाही, कारण ते वाचत नव्हते. सात वेळा लिहून पान त्यांना पाठ झालं होतं, आणि बोटांनी त्यांनी टेबलाची कड धरली होती.

करायचं काम आता अगदी साधं होतं. ते पान पाकिटात घालायचं आणि दापोलीला पाठवायचं. ना कार्ड लागणार होतं, ना ड्रायव्हर, ना कोणाची परवानगी. तात्यांनी पाकीट आणलं, पत्ता घातला, तिकीट लावलं. मग त्यांच्या मनात आलं की बाईंना आत्ता कुठे एवढा आनंद झाला आहे, कफ निवळू दे. मग आलं की पानाखाली बोटाची गोष्टही लिहायला हवी, तेव्हा पाकीट उघडावं लागेल. मग डिसेंबरच्या आठ तारखेला सानवीचं लग्न होतं, मांडवाची माणसं घरात वावरत होती. पाकीट गहाळ होईल म्हणून तात्यांनी ते फळीवर पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. रमजानभाईंनी एकदा विचारलं, केरू, बाईंना काय वाचून दाखवलंस त्या दिवशी. तात्या म्हणाले, असंच, वाचनालयाचा अहवाल.

लग्न चांगलं झालं. नवरामुलगा शेवटपर्यंत मोडला नाही. रविवारी पाहुणे गेले.

आनंदीबाई सोमवारी, अकरा डिसेंबर दोन हजार तेवीस रोजी, सकाळी साडेनऊच्या सुमारास दापोलीत मुलाच्या घरी वारल्या. त्यांचं वय ब्याण्णव होतं.